नांगराला झोल, रोटाव्हेटरला नाही

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या सभागृहात ट्रॅक्टरच्या साखळ्यांवर कोण ऐकायला येणार, अशी संयोजकांना काळजी होती. पण राहायला इथे असलात, तरी तुमच्यातल्या बहुतेकांची खाचरं मुरबाड-शहापूरकडे आहेत. त्यामुळे चेक चेन, म्हणजे मागच्या अवजाराला डावी-उजवीकडे आवरून धरणाऱ्या साखळ्या, कशा दिसतात ते सांगत बसत नाही.

मागे जोडलेलं अवजार डावी-उजवीकडे किती हलू द्यायचं, म्हणजे त्याला किती झोल द्यायचा, हा आजचा विषय. अवजार हललं की बिघाड, असं समजून साखळ्या कचकचून आवळणारे मला रोज भेटतात. ते मला पटत नाही. हलणं हा या जोडणीचा गुण आहे, फक्त तो अवजार बघून द्यायचा असतो.

ही तीन टोकांची जोडणी, म्हणजे खाली दोन आणि वर एक दांडा, आणि अवजार तेलाच्या दाबाने उचलणारं हायड्रॉलिक एकत्र आणून यशस्वी केली ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि मग जगभर गेली. ट्रॅक्टरमागे उभं राहून वरून बघा. दोन्ही लोअर लिंक, म्हणजे खालचे दोन दांडे, पुढे जाताना एकमेकींजवळ येतात. त्यांच्या रेषा मनाने वाढवल्या तर त्या पार पुढे, पुढच्या ॲक्सलच्या बाजूला मिळतात. म्हणजे नांगर जणू तिथून ओढला जातो आणि बाजूला सरकला तरी आपला आपण मध्ये येतो. किती सुंदर रचना आहे! आणि आपण साखळी आवळून तीच मारून टाकतो.

आता माझी तक्रार. ट्रॅक्टर घरी येतो तेव्हा हार असतो, नारळ असतो, बोनेटला हात लावून फोटो असतो. त्या दिवशी पेढे कोणी कोणी खाल्ले? सगळ्यांनी. आणि साखळीचा टर्नबकल, म्हणजे तिची लांबी कमी-जास्त करणारा आट्यांचा तुकडा, कसा फिरवायचा हे त्या दिवशी कोणाला दाखवलं? बघा, एकच हात, तोही अर्धा. आमच्या ओळखीतल्या एका घरी तर साखळ्या गोणीत बांधून दिल्या, ‘नंतर लावा’ म्हणून. गोणी माळ्यावर गेली. पावसाळ्यात चिखलणीला रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांचं अवजार, जोडला, वळणावर तो एका अंगाला झुकला आणि शेजाऱ्याच्या बांधाचा कोपराच घेऊन गेला. बांध तासाभरात घातला, पण दोन घरांचं बोलणं गणपतीपर्यंत बंद. त्यात चालवणाऱ्या पोराला सगळ्यांनी बोल लावला. मला राग येतो तो याचा! त्या पोराला कोणी काही शिकवलंच नव्हतं. विक्रेत्याला हप्ते समजावायला वेळ असतो, मग पान्याने दोन आटे फिरवून दाखवायला का नसतो?

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भरभर सांगतो.

नांगराला काम करताना झोल हवाच, दोन्ही बाजूंना साधारण पाच सेंटिमीटर. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. झोल नसेल तर नांगर ट्रॅक्टरचा मागचा भाग ढकलतो आणि स्टिअरिंग जड होतं. रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्राला मात्र जेमतेम हालचाल ठेवा. तिथे रांग आणि बांधापासूनचं अंतर महत्त्वाचं.

आवळण्याआधी सपाट जागा, अवजार जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. दोन्ही टायरपासून लिंकचं अंतर टेपने मोजा आणि सारखं करा. मग टर्नबकल फिरवा, लॉकनट घट्ट करा.

त्यानंतर अवजार सावकाश वर घ्या आणि बाजूला उभं राहून साखळीकडे बघा. बऱ्याच ट्रॅक्टरवर साखळीचं पुढचं टोक लिंकच्या सांध्यापेक्षा खाली असतं, त्यामुळे उचलताना ती आपोआप ताणते. रस्त्यावर नांगर टायरला घासत नाही, तो यामुळेच. पण खालीच पूर्ण आवळलीत तर वर जाताना साखळीच्या ब्रॅकेटचे बोल्ट तुटू शकतात. माळशेजच्या रस्त्याने अवजार उचलून नेणाऱ्यांनी हे नक्की तपासा.

शेवटचं, आणि हे कोणी बघत नाही. कॅटेगरी एकच्या, म्हणजे जोडणीच्या लहान मापाच्या, अवजाराची खालची पिन २२ मिलिमीटरची, कॅटेगरी दोनची २८ ची. बारीक पिन मोठ्या बॉलमध्ये, म्हणजे लिंकच्या टोकाला पिन बसते त्या भोकाच्या गोळ्यात, घातली तर सहा मिलिमीटरचा खडखडाट साखळीने जात नाही. तिथे बुश, म्हणजे मधली नळी, घाला. बॉलच झिजला असेल तर बदला. आणि लिंच पिनच्या, म्हणजे ही पिन निसटू न देणाऱ्या खिळीच्या, जागी तार पिळलेली असेल, तर ती उद्याच काढून टाका.