सोडलेल्या मेमरीत कोण बसलंय?

काळ्या स्क्रीनवर ही जी लाल ओळ आली ना, तिच्यावर जरा थांबू. हीप यूज आफ्टर फ्री. म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीचा एक तुकडा परत करून टाकला होता आणि नंतर पुन्हा तिथेच हात घातला. ब्राउझर कोसळला. टेस्टिंगवाल्यांना मात्र हे बघून बरं वाटतं, कारण आपल्याच मशीनवर सापडलं, बाहेर कुणाच्या हाती लागायच्या आधी.

ओळीखाली तीन गठ्ठे दिसतायत बघा. पहिल्यात चुकीचं वाचन कुठल्या फंक्शनमध्ये झालं ते, दुसऱ्यात ती मेमरी कुणी मोकळी केली, तिसऱ्यात ती मुळात कुणी मागितली होती. अजून खाली या आकड्यांच्या जाळ्यात चौकोनी कंसात एफडी आलंय, ती मोकळ्या केलेल्या मेमरीची खूण. हे टूल म्हणजे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. मग आपल्या रोजच्या ब्राउझरमध्येच का नाही बसवत? बसवलं तर सगळं साधारण दुप्पट वेळ घेईल आणि मेमरीही भरपूर खाईल, म्हणून ते टेस्टिंगपुरतंच.

आणि बाजूच्या विंडोत जे धडाधड सरकतंय ते फझिंग. मोडक्या फाइल्स, अर्धवट एचटीएमएल, उलटसुलट जावास्क्रिप्ट, हे सगळं मशीननेच बनवायचं आणि ब्राउझरला भरवत राहायचं, रात्रंदिवस, कुठे फुटतो ते बघायला. कंटाळवाणं काम, पण माणसाच्या डोक्यात येणार नाही असं काहीतरी मशीन बरोब्बर टाकून बघतं.

आता बोर्डवरचं चित्र. 2019 ची केस, क्रोममधली, सीव्हीई 2019-5786, म्हणजे त्या सिक्युरिटी बगचा नोंदणी क्रमांक. तुम्ही निवडलेली फाइल वेबपेजला वाचता यावी म्हणून ब्राउझरमध्ये फाइलरीडर नावाची सोय असते. फाइल अजून पूर्ण लोड व्हायची असताना जावास्क्रिप्टने रिझल्ट मागितला की क्रोम तोपर्यंतचा डेटा एका अ‍ॅरे बफरमध्ये, म्हणजे कच्चा डेटा ठेवायच्या डब्यात, द्यायचा, पुन्हा मागितला की दुसरा बफर द्यायचा, पण दोघांच्या खाली मेमरी एकच असू शकायची. हे दोन बाण बघा, एकाच चौकोनाकडे जातायत. आता यातला एक बफर वर्करकडे, म्हणजे पेजच्या मागे वेगळ्या चालणाऱ्या जावास्क्रिप्टकडे, पाठवला, पाठवला म्हणजे मालकीसकट दिला, आणि तिकडे वर्कर बंद झाला की मेमरी मोकळी. दुसऱ्या बाणाला कुणी काही सांगितलंच नाही, तो आहे तिथेच रोखलेला. भाडेकरू गेला, किल्ली त्याच्याकडेच राहिली, आणि घरात आता दुसरंच बिऱ्हाड. हल्लेखोर नेमकं हेच करतो, त्या रिकाम्या जागेत स्वतःला सोयीचे ऑब्जेक्ट आणून बसवतो आणि जुन्या बाणावरून ते वाचतो, बदलतो.

दुरुस्ती ही बघा, या हिरव्या ओळी. अर्धवट रिझल्ट देताना बफरची कॉपी द्या. बस एवढंच.

ही दुरुस्ती यायच्या आधीच हा बग विंडोज 7 मधल्या दुसऱ्या एका बगसोबत जोडून खऱ्या हल्ल्यात वापरला गेला होता. 1 मार्च 2019 ला 72.0.3626.121 ही व्हर्जन आली.

लोकांना सारखं सांगतात, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, जपून वापरा. ठीक आहे, पण या दोन बाणांत फाइल निवडणाऱ्याचा काय दोष? क्रोमच्याच टीमने 2020 मध्ये सांगितलं की त्यांचे सुमारे 70 टक्के गंभीर सिक्युरिटी बग मेमरीचे, आणि त्यातले निम्मे असेच यूज आफ्टर फ्री. क्रोम ज्या भाषेत लिहिलंय त्या सी प्लस प्लसमध्ये कुठली मेमरी कधी सोडायची हे शेवटी माणसाने लक्षात ठेवायचं, तेही लाखो ओळींच्या कोडमध्ये, मग दुसरं काय होणार! रस्ट नावाच्या भाषेत, अनसेफ लिहून तपासणी मुद्दाम सैल केली नसेल तर, असली भानगड कंपायलरच, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारं टूलच, अडवतो, प्रोग्रॅम बनतच नाही. फायरफॉक्सने 2017 मध्ये 57 व्या व्हर्जनला आपलं सीएसएस इंजिन, म्हणजे पेज दिसायला कसं हवं ते ठरवणारा भाग, रस्टमध्ये आणलं. क्रोमचा जुना कोड एवढा अवाढव्य की तो बदलेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून 2022 पासून मिरॅकलपीटीआर आलं. कुणाचा बाण शिल्लक आहे तोवर मोकळी झालेली मेमरीही दुसऱ्याला द्यायची नाही, असा त्याचा हिशेब. उशिराच सुचलं म्हणायचं, पण सुचलं.

आणि हे क्रोमच्या कोपऱ्यातलं अपडेटचं बटण. आधी हिरवं, चारेक दिवसांनी नारिंगी, आठवडा उलटला की लाल. अपडेट उतरून बसलेलं असतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय नवा कोड चढत नाही, जुनाच चालत राहतो. 2019 लाही क्रोमच्या सिक्युरिटीवाल्यांनी आत्ताच्या आत्ता अपडेट करा म्हणून सांगितलं होतं ते याचसाठी. टॅब जातील म्हणून लोक टाळतात, पण रीलाँच केल्यावर उघडे टॅब परत येतात. इन्कॉग्निटोचे येत नाहीत, आणि अर्धवट भरलेला फॉर्मही जाऊ शकतो, तेवढं आधी उरकून घ्या. तीन ठिपके, मदत, क्रोमबद्दल, इथे गेलं की व्हर्जन दिसते आणि अपडेट आलं असेल तर तिथेच सुरू होतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून, आणि आयफोनवर सफारीचं अपडेट आयओएससोबतच येतं.