जात्याची ओवी, मुसळाची ओवी

श्रोतेहो, नमस्कार.

चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, म्हणजे 1129 सालच्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. ओवी तिच्याही दीडशेहून अधिक वर्षं आधी मुसळापाशी होती, हे आपण सहज विसरतो.

कांडणाला ठोका लागतो. एका उखळात दोघी आळीपाळीने मुसळ घालतात. एकीचा ठेका चुकला की मुसळावर मुसळ आपटतं, दाणे अंगणभर. तिथे गळा गोड नसला तरी निभतं.

जात्याचं तसं नाही. वरचा दगड गरगर फिरतो, त्याला ठोकाच नाही. म्हणून दळणाची ओवी हवी तशी लांबवता येते. अक्षरं कमी पडली तर ‘गं बाई’ घालायचं, जास्त झाली तर पटकन उरकायची. समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरतात. एकीने ओळ म्हटली की दुसरी ती परत म्हणते, तेवढ्यात पहिलीला पुढची सुचते. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबाप, भाऊ, आणि उजाडता उजाडता सासरची गाऱ्हाणी. एरवी तोंडातून न निघणारं बोलणं घरघरीच्या आडून निघायचं.

या संथ चालीमुळे पीठही चांगलं पडतं. घाईने ओढलं की पीठ जाडं येतं. एकदम जास्त वैरलं, म्हणजे जात्याच्या तोंडात दाणे जास्त घातले, तर जातं जड होऊन भरड पडते. वैरायला उशीर झाला तर दगडावर दगड घासून पिठात कच उतरते. जात्याला टाकी लावल्यावर, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड टोचून पुन्हा खरखरीत केल्यावर, पहिलं दळण म्हणूनच माणसांच्या पोटात जाऊ देत नाहीत.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि हा पहाटेचा वेळ सुटला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या वेळेवर जमवल्या म्हणायच्या.

तुमच्या घरी कुणी गाणारी असेल तर तिला नुसतं खुर्चीत बसवून ‘म्हणा’ म्हणू नका. हात रिकामा असला की ओवी अडते. जात्याखाली दुहेरी गोणपाट घाला, घरघर कमी होईल. मूठ मूठ ज्वारी वैरत राहा, आणि मोबाईल जात्यापाशी न ठेवता तिच्या तोंडाजवळ धरा. पहिल्या पाच-सात ओव्या होईपर्यंत मधे बोलू नका.