जागा मिळाली, खुर्ची गेली

हे रीफ्टन. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम भाग, इनांगाहुआ नदी आणि भोवती बीच वृक्षांचं दाट रान. गावाचं नावच खाणीवरून पडलंय. डोंगराच्या पोटात गारगोटीच्या शिरा, त्यांना इथे रीफ म्हणतात, आणि त्या शिरांत सोनं. दगड फोडायचा, गिरणीत कुटून पीठ करायचं, तेव्हा कुठे चिमूटभर हाती लागायचं. १८८८ मध्ये याच नदीच्या पाण्यावर गावात विजेचे दिवे लागले. आडगाव म्हणून हिणवायची सोय नाही!

१८९३ साली, न्यूझीलंड ब्रिटिश वसाहत असताना, देशाचं राजकारण या खाणकामगारांच्या दारात आलं.

२७ एप्रिलला पंतप्रधान जॉन बॅलन्स वारले. आपल्यामागे रॉबर्ट स्टाउट यावेत, ही त्यांची इच्छा. स्टाउट म्हणजे ड्युनेडिनचे नामांकित वकील आणि माजी पंतप्रधान. अडचण एकच: १८८७ मध्ये ते पंतप्रधान असतानाच निवडणुकीत पडले होते, त्यामुळे सभागृहाबाहेर. आत होते रिचर्ड सेडन. धिप्पाड, आवाज खणखणीत, एके काळी कुमारा गावात दारूचं दुकान चालवलेले. स्टाउट नेमके दारूबंदीवाले!

१ मे रोजी गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांनी सेडन यांना पाचारण केलं. नेता पक्षाच्या बैठकीत ठरेल असं कबूल झालं होतं, हे स्टाउट यांच्या गोटातले लोक पुढे सांगत राहिले. पण बैठकीत बसायचं तर आधी आमदारकी हवी.

त्याच सुमारास इनांगाहुआची, म्हणजे रीफ्टनच्या मतदारसंघाची, जागा रिकामी झाली.

८ जूनला मतदान. गुप्त मतपत्रिका, मतदार सगळे पुरुष. समोर पॅट्रिक ओ'रीगन हा तरुण. स्टाउट जिंकले. बॅलन्स जाऊन ४२ दिवस झाले होते. २२ जूनला अधिवेशन भरलं, तेव्हा स्टाउट आत होते खरे, पण खुर्चीत सेडन चांगलेच ऐसपैस बसले होते. ते १९०६ मध्ये मरेपर्यंत उठले नाहीत.

स्त्रियांच्या मताधिकाराचे स्टाउट जुने पुरस्कर्ते, सेडन नाखूश. तरी विधेयक वरिष्ठ सभागृहात २० विरुद्ध १८ मतांनी तरलं आणि १९ सप्टेंबरला कायदा झाला.

नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत स्टाउट वेलिंग्टनला उभे राहिले. इनांगाहुआतून निवडून आले ओ'रीगन. या वेळी रीफ्टनच्या मतदानकेंद्रात बायकाही आल्या होत्या.