नाळेतलं रक्त आणि हप्त्यांचा करार

(दृश्य: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं परसदार, केळीचं बन)

"तुझी नाळ काय इथंच पुरलीय?" घर सोडायला तयार नसलेल्याला आजही असं विचारतात. वार आणि नाळ खरंच परसात पुरली जायची. आता त्याच नाळेतलं रक्त बाळाच्या पुढच्या आजारपणासाठी जपायचा खाजगी पेढीचा करार डोहाळजेवणाच्या आसपास पुढ्यात येतो.

(दृश्य: प्रसूतिगृहाची मार्गिका)

रक्त घेणं अवघड नाही. चिमटा लावून नाळ कापली की वारेकडच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरवतात. ते गोठू नये म्हणून पिशवीत आधीच द्रावण असतं. मिळतं साधारण ५० ते १०० मिलीलिटर. त्यातल्या नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. रक्त कमी आलं, गुठळ्या झाल्या, जंतू शिरले किंवा प्रवासात फार वेळ गेला, की पिशवी फुकट.

पिशवी भरायच्या घाईत नाळ लवकर चिमटली, तर ते रक्त बाळाच्या वाट्याचं जातं. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. त्यानं बाळातला लोहाचा साठा वाढतो.

पेढीवाले म्हणतात तो 'आयुष्यभराचा विमा' मात्र तपासायला हवा. बाळाला थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर साठवलेल्या पेशींतही तोच दोष असतो. १९८८ साली पॅरिसमध्ये नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेही बहिणीच्या रक्तानं. मुलाच्या स्वतःच्या नव्हे. शिवाय रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान अडीच कोटी पेशी लागतात. दहा किलोच्या बाळाला एक पिशवी पुरेल, साठ किलोच्या माणसाला बहुधा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद स्वतःपुरत्या खाजगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरात आधीच्या मुलाला प्रत्यारोपणानं बरा होणारा आजार असेल, तर गोष्ट वेगळी.

(दृश्य: टेबलावर कराराची पानं)

करार इंग्रजीत, समजावणं कानडीत, सही करणारी बाळंतीण मराठी वाचणारी. याला संमती कशी म्हणायची? मराठी प्रत मागा. साठवलेल्या पेशींची संख्या लेखी घ्या. आणि हप्ता थकला तर पिशवीचं काय होतं, ते कलम बोट ठेवून दाखवायला सांगा.