टेले सान्ताना आणि मैदानाची उजवी बाजू

ब्राझीलचे फुटबॉल प्रशिक्षक टेले सान्ताना यांचं नाव निघालं की बोलणं दोन मिनिटांत १९८२ च्या विश्वचषकावर जातं. सुंदर खेळले, पण हरले. बचावाकडे लक्षच दिलं नाही, असं म्हटलं जातं. हे मत मला मान्य नाही. आज त्यांच्या कारकिर्दीकडे मैदानाच्या एकाच पट्ट्यावरून पाहू. तो पट्टा म्हणजे उजवी बाजू.

सुरुवात तिथूनच झाली होती. मिनास जेराइस राज्यातल्या इताबिरितो गावी १९३१ साली जन्मलेले टेले रिओच्या फ्लुमिनेन्स क्लबचे उजवे विंगर, म्हणजे कडेच्या रेषेजवळून हल्ला करणारे खेळाडू होते. त्या काळी विंगरने रेषेला चिकटून पुढे थांबायचं आणि चेंडू येण्याची वाट पाहायची, अशी रीत होती. टेले मात्र मागे येऊन मधल्या फळीला हात द्यायचे. प्रशिक्षक झाल्यावर १९६९ मध्ये त्यांनी फ्लुमिनेन्सला रिओचं विजेतेपद मिळवून दिलं आणि १९७१ मध्ये अत्लेतिको मिनेइरोला ब्राझीलची पहिली राष्ट्रीय साखळी स्पर्धा. पोर्तो अलेग्रेत इंटरनॅसिओनालने सलग आठ वर्षं राज्य विजेतेपद आपल्याकडे ठेवलं होतं. १९७७ मध्ये टेलेंच्या ग्रेमिओने ती मालिका तोडली. १९८० मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला, तो हे सगळं पाहूनच.

आता १९८२ चा संघ मांडून बघा. गोलमध्ये वाल्दिर पेरेस. मागे लिआंद्रो, ऑस्कर, लुइझिन्यो, ज्युनिअर. त्यांच्यापुढे सेरेझो आणि फाल्काव, आणखी पुढे सॉक्रेटिस आणि झिको. डावीकडे एडेर, मधोमध सेर्जिन्यो. उजव्या रेषेवर कोणीही नाही. एका जागेसाठी चार उत्तम मधल्या खेळाडूंपैकी एकालाही सोडायला टेले तयार नव्हते. ती जागा आलटून पालटून भरायची, असं ठरलं होतं. कधी सॉक्रेटिस, कधी झिको, कधी फाल्काव तिकडे सरकायचा आणि मागून लिआंद्रो धावत यायचा. ब्राझीलमध्ये यावर इतकी चर्चा झाली, की विनोदी अभिनेते जो सोआरेस यांचं टीव्हीवरचं पात्र सार्वजनिक फोनवरून ओरडायचं, ‘बोता पोन्ता, टेले!’ म्हणजे, विंगर खेळवा, टेले!

रिकामी जागा दोन्ही बाजूंना कामाची असते, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. जिथे कोणी उभं नाही, तिथे प्रतिस्पर्ध्याला पहारा ठेवायला माणूस सापडत नाही. उलट, विंगर पुढे उभा असला की समोरचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, आपली जागा सोडायला कचरतो. विंगरच नसेल, तर तो मोकळा होतो.

५ जुलै १९८२, बार्सिलोनाचं सारिया मैदान. उपांत्य फेरीसाठी गोलफरकामुळे ब्राझीलला इटलीशी बरोबरी पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला कोन्तीने चेंडू डावीकडे वळवला. इटलीचा लेफ्ट बॅक काब्रिनी मोकळा होता. त्याला क्रॉस टाकायला सवड मिळाली आणि रॉसीने हेडर मारला. बाराव्या मिनिटाला त्याच पट्ट्याने ब्राझीलला परतफेड करून दिली. झिकोने वळून दिलेला पास उजवीकडून घुसलेल्या सॉक्रेटिसला मिळाला आणि १-१ झालं. पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोने स्वतःच्या बचाव फळीसमोर आडवा पास दिला. रॉसीने तो मधेच उचलला आणि गोल केला. आडवा पास तुटला की देणारा आणि घेणारा दोघेही एकदम मागे पडतात. अडुसष्टाव्या मिनिटाला सेरेझो चेंडूविना उजवीकडून बाहेर धावला, इटलीचे बचावपटू त्याच्यामागे ओढले गेले आणि उघडलेल्या फटीतून फाल्कावने डाव्या पायाने गोल मारला.

म्हणजे ब्राझीलचे दोन्ही गोल या मोकळ्या उजव्या बाजूतूनच आले. पाओलो इसिदोरोला उजवीकडे आणलं ते एकोणसत्तराव्या मिनिटाला, आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाचा रॉसीचा गोल कॉर्नरवरून झाला. ब्राझील २-३ असं हरलं. ज्युनिअर गोलखांबाजवळ राहिला, त्यामुळे रॉसी ऑफसाइड ठरला नाही. ही कॉर्नरच्या वेळची चूक आहे, रचनेची नव्हे. त्या दिवशी मैदानात असलेला झिको पुढे एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. २०१५ मध्ये फातोर्ड्याला अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटांपर्यंत २-१ ने पुढे असलेला गोवा २-३ असा हरला. तो सामना पाहिलेल्यांना सारियाची कळ वेगळी सांगायला नको.

१९८६ च्या विश्वचषकात उजवी बाजू पुन्हा अडचणीत आली. विंगर रेनातो गाउशोला टेलेंनी शिस्तीपायी वगळलं. मित्रासाठी लिआंद्रोनेही विमानात बसायला नकार दिला. मग राइट बॅक एडसन जखमी झाला आणि जोसिमार आत आला. त्याने उत्तर आयर्लंड आणि पोलंडविरुद्ध जबरदस्त गोल केले. पाच सामन्यांत ब्राझीलवर एकच गोल झाला, तो फ्रान्सच्या प्लातिनीचा. त्या सामन्यात झिकोची पेनल्टी अडवली गेली आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये संघ बाहेर पडला. बचावाकडे लक्ष न देणाऱ्याचा हा हिशेब आहे का?

१९९० मध्ये टेले साओ पावलो क्लबकडे आले. क्लबच्या सराव केंद्रातच राहायचे, मैदानावरचं गवत स्वतः तपासायचे. आणि उजव्या बाजूने खेळणाऱ्या काफूला सराव संपल्यावर थांबवून क्रॉस मारायला लावायचे, पुन्हा पुन्हा. क्रॉस बिघडतो तो बहुधा चेंडूला पाय लागण्याआधीच. टेकवलेला पाय चेंडूपासून लांब पडतो, अंग मागे झुकतं आणि चेंडू गोलमागे जातो. किंवा धावण्याच्या नादात मान वर होत नाही आणि चेंडू पहिल्याच बचावपटूच्या अंगावर आदळतो. वेगात धावत असताना शेवटचं पाऊल आखूड टाकणं तोंडी सांगून येत नाही. ते शेकडो वेळा करावं लागतं.

१९९२ मध्ये लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली क्लब स्पर्धा जिंकून संघ युरोपच्या विजेत्याशी खेळायला टोकियोला गेला. समोर बार्सिलोना. टेलेंनी उजवीकडे विटोरला मागे आणि काफूला त्याच्यापुढे ठेवलं. दहा वर्षं रिकामा गाजलेला पट्टा दोघांनी भरला. १-१ असताना फ्री किक मिळाली. साओ पावलोच्या राईने चेंडू काफूकडे हलकेच सरकवला, काफूने थांबवला आणि राईने भिंतीला वळसा घालून वरच्या कोपऱ्यात मारला. या छोट्या पासाने चेंडूची जागा बदलते, पण भिंत जुन्या जागेसाठी लावलेली असते. २-१.

मधल्या फळीत त्या दिवशी ३७ वर्षांचा तोनिन्यो सेरेझो होता, सारियाचा तोच आडवा पास देणारा. टेलेंनी त्याला मुद्दाम सोबत घेतलं होतं. पुढच्या वर्षी टोकियोतच मिलानविरुद्ध साओ पावलोचा पहिला गोल, पालिन्याचा, उजवीकडून आलेल्या काफूच्या क्रॉसवर झाला. दुसरा सेरेझोचा. २-२ झाल्यावर शहाऐंशीव्या मिनिटाला सेरेझोने पुढे चेंडू टाकला, गोलरक्षक बाहेर आला आणि साओ पावलोच्या मुलरच्या टाचेला लागून चेंडू गोलमध्ये गेला. ३-२. सामनावीर सेरेझो.