शनिवारची वही

नमस्कार, मैत्रिणींनो. काही जणींचा स्वयंपाक आवरला असेल, काही जणी अजून ओट्याशीच उभ्या असतील. जिथे असाल तिथे ऐका. फक्त घरात हात नसलेली एखादी भक्कम खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवून ठेवा. थोड्या वेळाने ती लागणार आहे.

मी साताऱ्याची, वय ६४. गेली चार वर्षं आम्ही नऊजणी सकाळी सहाला ‘चार भिंती’ या टेकडीच्या चढाला जातो. सगळ्यात धाकटी ५६ वर्षांची आहे आणि सगळ्यात थोरली ७३ची. तिला आम्ही सगळ्याच आक्का म्हणतो. शनिवारी चढ उतरून आलो की माईंच्या पडवीत वजनकाटा निघतो आणि त्याच्याबरोबर एक दोनशे पानी वही. आज मला त्या वहीबद्दल बोलायचंय.

त्याआधी मी एकटी चालून पाहिलं होतं. रक्तातली साखर वाढलेली निघाली, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, रोज चाला. मी लगेच बूट आणले. अकरा दिवस चालले. मग नातवाची परीक्षा आली, पाहुणे आले, पाऊस लागला. घरात कुणीही मला ‘जाऊ नको’ म्हणालं नाही, हे आवर्जून सांगते. पण दुधवाला सहाला येतो, डबा सातला लागतो, आणि बाईचं स्वतःसाठीचं काम नेहमी सगळ्यात आधी मागे पडतं. बूट खोक्यात परत गेले.

मग एका सकाळी शेजारच्या माई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. साडी खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात काठी. म्हणाल्या, “चला, मला एकटीला कुत्र्यांची भीती वाटते.” आता दारात माणूस उभं असताना ‘आज नको’ म्हणणं आपल्याला जमतं का? मी गेले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उभ्या. पुढे कळलं, त्यांना कुत्र्यांची भीती कधीच नव्हती.

आपल्या वयाच्या बाईला काय खावं, किती चालावं हे कमी का माहीत असतं? तुम्हीही पाठ म्हणून दाखवाल. जे नसतं ते फाटकाशी उभं राहणारं माणूस. मला हे इतक्या ठामपणे म्हणता येतं, कारण माझे अकरा दिवस आणि ही चार वर्षं, दोन्ही मी बघितलं आहे.

वहीची कल्पना बचत गटातून आली. आमच्यातल्या पाचजणी जुन्या गटातल्या. ठरलेला वार, हजेरी, नोंद, हे हाडीमासी मुरलेलं. सुरुवातीला गटासारखा दंडही ठेवला. वजन वाढलं की दहा रुपये. महिन्याभरात दोघीजणी शनिवारीच यायच्या बंद झाल्या. रविवार ते शुक्रवार येत, शनिवारी घरी पाहुणे असत. तेव्हा आक्का म्हणाली, “दंड काढा. बाईला आयुष्यभर कमी दंड झालेत का?” दंड काढला. आता वजन मोठ्याने वाचायचं नाही, ज्याचं त्याने बघायचं, लिहायचं. आणि कुणाचं वाढलं तर एकच विचारायचं: हा आठवडा कसा गेला?

या एका प्रश्नाला काय काय उत्तरं आली! एकीचे यजमान दवाखान्यात होते. एकीचं सुनेशी वाजलं होतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांनी एका शनिवारी सांगितलं की रात्री सगळे झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात जातात आणि दिवा न लावता कंदी पेढ्याचा पुडा उघडतात. यजमान गेल्यापासून. हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. आम्ही उपदेश केला नाही. एकीने त्यांचा हात धरला, आणि माईंनी ठरवून टाकलं की रात्री साडेनऊला त्या बाईंना फोन करतील. फोन दहा मिनिटं चालतो. पुडा अजूनही घरात येतो, पण तो सकाळी उजेडात उघडतो.

तेव्हा मला अमेरिकेतल्या एका बाईची हकिगत आठवली. जीन नायडेच. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातली गृहिणी, वजन सत्त्याण्णव किलोच्या आसपास. दवाखान्यातून आहाराचा तक्ता मिळाला होता, तो तिला पाठही होता. पण ती बिस्किटं न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून चोरून खायची. १९६१ साली तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्या टोपलीची गोष्ट सांगून टाकली. मग प्रत्येकीने आपापली लपवायची जागा सांगितली. दर आठवड्याला त्या भेटत राहिल्या, आणि दोन वर्षांत त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. संस्थेचं पुढे काय झालं तो वेगळा विषय. मला त्या पहिल्या दुपारचं मोल वाटतं. तक्ता तोच होता, फक्त टोपली उघड झाली.

आपली टोपली बहुतेक घरांत एकच असते: उरलंसुरलं. नातवाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, कालची भाजी. टाकायचं कसं? अन्न आहे. मग ते आपल्या पोटात जातं, जेवण झाल्यावर, उभ्याने, आणि जेवणात मोजलंही जात नाही. आम्ही एक आठवडा फक्त हेच लिहून काढलं. माझ्या पानावर सात दिवसांत नऊ पोळ्या जास्तीच्या भरल्या. त्यानंतर मी कणीकच दोन मुठी कमी भिजवते. अन्नाचा अपमान टाळायची जागा परातीत आहे, हे मला साठीत कळलं.

चहाचंही तसंच. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या जवळ. एकीने सव्वा किलोची पिशवी काट्यावर ठेवून दाखवली. त्या दिवसापासून कुणाला सांगावं लागलं नाही. आणि उपवास! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याच आयांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप. श्रद्धा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, मी स्वतः संकष्टी धरते. पण खिचडीच्या वाडग्याऐवजी ताक, मूठभर दाणे, एखादं फळ, राजगिऱ्याची भाकरी, यानेही चतुर्थी पावते.

आता पोटाबद्दल. भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि जी चरबी आधी मांड्या-नितंबांवर बसायची ती पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. यात तुमचा आळस शोधू नका. आणि ‘मी तर बारीकच आहे’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनीही ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापलं. दोन डॉक्टर शेजारी शेजारी, एक स्वतः याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. म्हणून शिवणाच्या डब्यातला टेप काढा आणि पोटाचा घेर मोजा. आपल्या बायकांसाठी ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा मानतात. मी सुरुवात केली तेव्हा माझा घेर अठ्ठ्याण्णव होता. आज एक्क्याण्णव आहे. ऐंशी कधी होईल माहीत नाही, पण साखर आटोक्यात आली आहे.

कारण थोडंही पुरतं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त माणसांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. एका गटाने वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. म्हाताऱ्या माणसांना जास्त फायदा! सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाच किलो. गुडघ्याचाही हिशोब आहे: एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

पण उपाशी राहून उतरवू नका. आमच्यातल्या एकीने लेकीच्या लग्नासाठी महिनाभर नुसतं सूप आणि काकडी खाल्ली. सहा किलो उतरली, आणि मांडवात दोनदा चक्कर आली. आपल्या वयात उपाशीपोटी वजन उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि तो परत मिळवणं कठीण. म्हणून ताटात प्रथिनं हवीत. किलोला साधारण एक ग्रॅम धरा, पंचावन्न किलोच्या बाईला पंचावन्न ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.) एक अंडं सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण सहा-सात, कपभर दूध तेवढंच, मूठभर शेंगदाणे सात. पिठलं, मटकीची उसळ, ताक, आपल्याकडे सगळं आहे. फक्त वरण आपल्या वाटीत शेवटी पातळ होऊन येतं. आधी आपली वाटी वाढून ठेवा. हे मी रेडिओवर मुद्दाम सांगते, म्हणजे घरातल्या बाकीच्यांच्याही कानावर जाईल.

आता ती खुर्ची. बसा. हात छातीवर एकमेकांवर आडवे घ्या, तळवे खांद्यांवर. आता हात न टेकता पूर्ण उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं, अर्ध्या मिनिटात होईल तितक्या वेळा. गुडघे फार दुखत असतील, चक्कर येत असेल तर आज राहू द्या, आणि शेजारी कुणी असेल तर उत्तम. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा वेळा जमावं, पासष्ट ते एकोणसत्तर वयाला अकरा, सत्तरच्या पुढे चौऱ्याहत्तरपर्यंत दहा. त्याहून कमी झालं तर पाय अशक्त आहेत, पडण्याचा धोका आहे, असं समजायचं. मला पहिल्यांदा सात जमले. आता हा खेळ आम्ही रोज चढ उतरल्यावर देवळाच्या कट्ट्यावर बसून करतो. श्रावणात त्याला झिम्मा जोडतो, खांदे सुटतात आणि तोलही सुधारतो. फुगडी मात्र ज्यांची हाडं ठिसूळ निघाली आहेत त्यांनी खेळायची नाही, हे आम्ही कडक पाळतो. त्या मध्ये उभ्या राहून गाणी म्हणतात.

एक गोष्ट हलक्या आवाजात सांगायची, पण सांगायचीच. बाई पहिल्या पावसाळ्यात अचानक यायच्या बंद झाल्या. खोकला झाला म्हणाल्या. तीन आठवड्यांनी आक्का त्यांच्या घरी जाऊन बसली, तेव्हा खरं बाहेर आलं. खोकलं, शिंकलं, उतारावर पाऊल जोरात पडलं की लघवीचे थेंब जायचे. लाज वाटायची. आक्का म्हणाली, “मला पंधरा वर्षं होतंय.” दुसऱ्या दिवशी चढावर विचारलं तर नऊपैकी पाचजणींना होतं. पाचजणी, आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं! आम्ही पाचहीजणी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी व्यायाम शिकवला: लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच आकडे धरायचे, सोडायचे, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता होतो. तीन महिने नेटाने केला तेव्हा फरक कळला, आणि वजन थोडं उतरलं तरी हा त्रास कमी होतो हेही कळलं. बाई परत यायला लागल्या. मैत्रिणींनो, या कारणासाठी कुणी घरात बसली असेल तर तिला गाठा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात खडीसाखर ठेवा. चढताना छातीत दाटलं, डाव्या हातात कळ गेली, तर थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा, ‘घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही. आमच्यात प्रत्येकीकडे दुसरीच्या घरचा नंबर आहे.

गेल्या कार्तिकात माईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. कुत्र्यांची भीती सांगून मला बाहेर काढणाऱ्या माई पलंगावर. पहिल्या शनिवारी आम्ही आठजणी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, माझं पान राहू द्या रिकामं. आक्काने ऐकलं नाही. वजनाच्या रकान्यात तिने लिहिलं: ‘पलंगापासून मोरीपर्यंत, वॉकर धरून.’ पुढच्या शनिवारी: ‘पडवीपर्यंत, दोनदा.’ मग ‘फाटकापर्यंत.’ मी रोज सकाळी सहाला त्यांच्या फाटकाशी उभी राहायचे, त्या आतून यायच्या, फाटकाला हात लावायच्या आणि परत जायच्या. मग मी चढाला.

गेल्या शनिवारची नोंद माईंनी स्वतः लिहिली आहे. अक्षर जरा थरथरलेलं आहे. ‘चढाच्या पहिल्या वळणापर्यंत. काठी होती. मध्ये बसले नाही.’

नमस्कार.