‘कट्’ या आवाजापलीकडे: कायरोप्रॅक्टिक उपचाराची एक बैठक

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणके आणि सांध्यांवर हातांनी दाब किंवा झटका देऊन पाठ-मानेच्या दुखण्यावर करायचा उपचार; त्यासाठीचे हे टेबल नीट पाहा. पालथे झोपणाऱ्याचा चेहरा टेकावा म्हणून त्याच्या उशाशी मोकळी फट ठेवलेली आहे आणि त्याचे काही भाग दाब पडताच किंचित खाली बसतात, त्यामुळे उपचारकाला कमी जोर लावावा लागतो. पहिल्यांदा इथे झोपणाऱ्याच्या मनात धास्ती असते ती बहुधा एकाच गोष्टीची, पाठीतून येणाऱ्या ‘कट्’ अशा आवाजाची.

तो आवाज हाड मोडल्याचा नसतो आणि हाड जागेवर बसल्याचाही नसतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्याने एकमेकांपासून दूर झाले की आतला दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढला जात असताना एमआरआयच्या साहाय्याने ही पोकळी तयार होताना टिपली. एकदा वाजलेला सांधा त्यानंतर साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही. शिवाय, आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला असेही नाही.

‘मणका सरकला आहे, तो बसवावा लागेल’ ही भाषा मात्र जुनी आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी या पद्धतीची सुरुवात केली, तेव्हा बहुतेक आजारांचे मूळ जागचे हललेल्या मणक्यांत असते, अशी त्यांची धारणा होती. आजचे शरीरशास्त्र तिला दुजोरा देत नाही, आणि म्हणूनच दमा किंवा रक्तदाब मणक्यांवर दाब देऊन बरा करण्याचे आश्वासन कोणी दिले, तर ते स्वीकारू नये.

हात पाठीला लागण्यापूर्वीची वीस-पंचवीस मिनिटे आम्हाला सर्वांत मोलाची वाटतात. दुखणे केव्हा सुरू झाले, पायात मुंग्या येतात का, पूर्वी कर्करोग झाला होता का, हाडे ठिसूळ झाली आहेत का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही असेल, तर टेबलावर न झोपता थेट रुग्णालय गाठावे.

प्रत्यक्ष झटका सेकंदाच्या एका अंशात संपतो. तो नेमक्या जागी, वेगाने आणि थोड्याच अंतरापुरता दिला जातो. त्या क्षणी श्वास रोखून अंग ताठ धरू नये, आणि वेदना झाली तर लगेच सांगावे. मानेच्या बाबतीत अधिक जपले पाहिजे, कारण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना, दुर्मीळ असल्या तरी, नोंदल्या गेल्या आहेत. हा धोका आधी समजावून सांगितला जावा, हा रुग्णाचा हक्क आहे. मानेला झटका नको असल्यास तसे स्पष्ट सांगता येते, कारण हलक्या हाताच्या इतर पद्धतीही उपलब्ध असतात.

घरी गेल्यावर अंग ठणकणे, थकवा येणे किंवा डोके थोडे दुखणे हे अनेकांना जाणवते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. उपचारानंतर अचानक तीव्र मानदुखी, बोलताना अडखळणे, तोल जाणे किंवा दृष्टी दुहेरी होणे असे काही घडल्यास मात्र क्षणाचाही विलंब करू नये.

मग आराम किती पडतो? कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधाविना करायच्या उपायांमध्ये या उपचाराचा समावेश आहे. तथापि, आढळलेला लाभ माफक आहे, आणि नव्याने उद्भवलेली कंबरदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआपही कमी होते. म्हणूनच पहिल्याच दिवशी कित्येक महिन्यांच्या बैठकांचे पैसे आगाऊ भरू नयेत. चांगला उपचारक व्यायाम शिकवतो, दोन-तीन आठवड्यांनी वाकणे, बसणे, चालणे किती सुधारले हे पुन्हा तपासतो, आणि फरक दिसत नसेल तर स्वतःहून उपचार थांबवून रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवतो.